कर्णेवाडीच्या बुलबुलबाई

दीपमाला खराडे यांचा आवाज वर्गातल्या दुसऱ्या बाकाच्या पुढं कधी गेला नाही. साऱ्या कर्णेवाडीला हे ठाऊक होतं आणि कुणाला त्यात वावगंही वाटत नव्हतं. पालकसभेत बाई बोलायला उठल्या की मागं बसलेल्या बायका आपसूक पुढं सरकून बसायच्या. माहेर त्यांचं नागपंचमीच्या शिराळ्याचं. अंगणात नाग निघाला तरी न हलता उभी राहणारी ही बाई, पण समोर माईक आला की दोन पावलं मागं जायची. सासरे हंबीरराव सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांना या गोष्टीचं फार नवल वाटायचं.

"शिराळ्याची पोर तू," ते म्हणायचे, "आन् मायकाला भितीस?"

"नाग बोला म्हणत न्हाई आबा," बाई हळूच म्हणायच्या आणि चुलीकडं वळायच्या.

कर्णेवाडी सांगलीजवळच्या माधवनगरपासून फार लांब नाही. ऊस, थोडी द्राक्षं, आणि दर दोन घरांआड एक माणूस सैन्यात. बाईंचे यजमान धैर्यशील हवालदार होते आणि त्या वेळी राजस्थानात होते. गावात काही जैन शेतकऱ्यांची घरं, त्यांची वस्ती मंदिराच्या अंगानं. जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत, शिक्षक तिघं. मुख्याध्यापक भाऊसो गुरव, गुडघेदुखीनं बेजार झालेले एक जुने गुरुजी, आणि दीपमालाबाई.

त्यामुळं शाळेत कब-बुलबुलचं पथक काढायचं असं वरून ठरलं, तेव्हा ते कुणाच्या गळ्यात पडणार हे सांगायची गरज नव्हती.

"म्हणजे काय असतं सर?" बाईंनी विचारलं.

"स्काऊट-गाईड असतं ना, त्याची धाकटी भावंडं," गुरव सर म्हणाले. "दुसरी ते चौथीची पोरं. मुलगे ते कब, मुली त्या बुलबुल. गणवेश, स्कार्फ, खेळ, गाणी, थोडी कवायत. तुम्हाला जमेल."

"कवायतीला आवाज लागतो सर."

"काय म्हणालात?" सरांनी कान पुढं केला.

बाईंनी मान हलवली आणि प्रशिक्षणाला जायचं कबूल केलं.

प्रशिक्षण साताऱ्याजवळ एका शाळेत होतं, आठवडाभराचं. चाळिशीकडं झुकलेल्या, घरी दोन-दोन लेकरं आणि एखादी म्हैस असलेल्या शिक्षिका निळ्या साड्या नेसून मैदानात गोल करून उभ्या. मधोमध उत्कर्षा मॅडम, वय साठीच्या पुढं, गळ्यात शिट्टी, पायात पांढरे बूट. पहिल्याच सकाळी त्यांनी फर्मावलं, "आता सगळ्याजणी पक्षी व्हा. पंख पसरा आणि उडत झाडापर्यंत या."

कुणी हलेना. एकमेकींकडं बघून पदर तोंडाला लागले.

"मुलांना उडायला सांगणार आहात ना?" मॅडम म्हणाल्या. "मग आधी तुमच्या अंगातला संकोच उडू दे."

दीपमालाबाईंनी डोळे मिटले, हात पसरले आणि धावत सुटल्या. झाडापाशी पोहोचल्यावर डोळे उघडले तर त्या एकट्याच पुढं आलेल्या, बाकीच्या अजून निम्म्या वाटेवर. मॅडमनी पाठीवर थाप मारली. त्या आठवड्यात बाई गाठी मारायला शिकल्या, स्कार्फची घडी शिकल्या, सहा-सहा मुलांचा एक गट करतात त्याला षटक म्हणतात हे शिकल्या. संध्याकाळी घरी फोन केला तेव्हा हंबीररावांनी विचारलं, "काय शिकीवलं आज?"

"उडायला," बाई म्हणाल्या.

 सासऱ्यांनी फोन बाजूला धरून सासूबाईंना सांगितलेलं स्पष्ट ऐकू आलं, "पोरीला ताप-बिप आलाय वाटतं."

गावात परत आल्या, पोरं गोळा केली आणि गणवेशाचं काम निघालं. मुलींना फिकट निळा फ्रॉक, मुलग्यांना करडा सदरा, निळी चड्डी आणि हिरवी टोपी. कापड माधवनगरातून आणलं आणि शिवायला गावातल्या नानासो टेलरकडं दिलं. नानासोचा शिवण्याचा एक नियम होता, लहान मुलाचं कापड वाढत्या अंगाचं शिवायचं. आयाही त्याला तेच सांगून गेल्या. गणवेश शिवून आले तेव्हा मुलींचे फ्रॉक पोटरीखाली लोंबत होते आणि मुलग्यांच्या चड्ड्या गुडघे ओलांडून खाली आल्या होत्या.

"नानासो, हे काय?" बाईंनी विचारलं.

"बाई, चौथीपातुर चालंल, काळजी न्हाई," नानासो अभिमानानं म्हणाला. "क्रांतीचा तर लगनापातुर चालंल."

पोरांना त्याचं काहीच वाटलं नाही. नवीन कापडाचा वास घेत ती शाळेच्या पडवीत आरशासारखी एकमेकांसमोर उभी राहिली आणि एकमेकांच्या टोप्या सरळ करत बसली. क्रांती म्हणजे दुसरीतली, ट्रॅक्टरवाल्या मोहित्यांची पोरगी. बोलायला सुरुवात केली की श्वास घ्यायला सुद्धा थांबायची नाही. तिनं त्या दिवशी घरी गेल्यावर गणवेश काढायला साफ नकार दिला. तशीच जेवली, तशीच झोपली, सकाळी चुरगळलेल्या फ्रॉकात शाळेत हजर. आई मागोमाग आली.

"आवं बाई, हिला सांगा की तुमी. आंघोळीला बी काढंना झालीय."

"क्रांती," बाई खाली बसून तिच्या कानापाशी म्हणाल्या, "गणवेश पण दमतो गं. त्याला पण झोपायचं असतं."

क्रांतीनं फ्रॉककडं बघितलं. तिला ते पटलं. दुपारी घरी जाऊन तिनं फ्रॉक खुंटीला अडकवला आणि धाकट्या भावाला तिथं दंगा करायची बंदी घातली.

पथकात येणारं मूल रीतसर वचन देतं, मग त्याच्या गळ्यात स्कार्फ पडतो. या कार्यक्रमाला दीक्षाविधी म्हणतात. बाईंनी आदल्या दिवशी पोरांना सांगितलं, "उद्या तुमची दीक्षा. घरी सांगा, आई-बाबांना बघायला यायचं असेल तर येऊ देत."

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधीच रामगोंडा आण्णा दारात उभे. धोतर, पांढरा सदरा, डोक्याला पांढरी टोपी, हातात काठी. त्यांचा नातू सम्मेद तिसरीत. गोल चेहऱ्याचं, कुरळ्या केसांचं, हळवं पोरगं. आण्णांनी हात जोडले.

"बाई, एक विचारू का?"

"विचारा की आण्णा. आत या, बसा."

"बसत न्हाई." ते उंबऱ्यातच थांबले. "आमच्या घराण्यात कुणी दीक्षा घेतली तर आमाला अभिमानच हाय. माझ्या चुलत्यांनी घेतली हुती, ते मुनी झाले. पण बाई, ते सत्तरीत. ह्ये पोरगं आठ वर्साचं हाय. अजून आजीच्या हातानं जेवतंय. काल घरात येऊन म्हणालं, 'अज्जा, उद्या मी दीक्षा घेनार.' त्याची आजी, आमची पद्मावती, रातभर त्याच्या केसांवरनं हात फिरवत बसली. म्हणती, हे केस आता जाणार."

बाईंना आधी काही उमगेना. मग एकदम लख्ख प्रकाश पडला आणि त्यांनी दोन्ही हात कानांवर ठेवले.

"आण्णा! आण्णा, तशी दीक्षा नव्हे हो! ही पथकाची. स्कार्फ घालायचा, वचन द्यायचं की देवाशी आणि देशाशी इमानानं वागीन, रोज एक चांगलं काम करीन. आणि संध्याकाळी घरी जायचं, आजीच्या हातानं जेवायचं."

आण्णांनी डोक्याकडं बोट केलं. "केस?"

"केसाला कुणी हात लावणार नाही."

म्हातारा पायरीवर बसला. आधी मान खाली घालून खांदे हलायला लागले, बाईंना वाटलं रडतायत. पण ते हसत होते. हसता हसता टोपी काढली, डोळे पुसले आणि फाटकापाशी खेळणाऱ्या सम्मेदला हाक मारली, "सम्मेद, जा पळ घरला, आजीला सांग मुलाचे केस मुलाकडंच ऱ्हायले म्हणावं. आन् तिला घेऊन ये बघायला."

पद्मावती आजी खरंच आल्या, नऊवारीच्या पदरानं चेहरा पुसत. गावातल्या निम्म्या बायका आल्या. मैदानात पोरं गोलात उभी राहिली. बाईंनी एकेकाला पुढं बोलावलं. प्रत्येक जण तीन बोटं वर करून वचन म्हणत होता. शिवतेज मोहित्यांचा म्हणजे क्रांतीचा चुलतभाऊ, त्याला निम्मं वचन आठवलं आणि उरलेलं त्यानं स्वतःच्या मनानं जोडलं, "आन् मी म्हशीला दगड मारणार न्हाई." बाईंनी ते चालवून घेतलं. सम्मेदनं सगळं वचन एका दमात म्हटलं आणि मग त्याचा स्वतःचाच आवाज ऐकून तो लाजला. बाईंनी त्याच्या गळ्यात स्कार्फ अडकवला आणि डावा हात पुढं केला. पथकात हस्तांदोलन डाव्या हातानं करतात. सम्मेदनं त्यांचा हात धरला.

प्रेक्षकांतून रामगोंडा आण्णा उठले. "बाई, डावा हात? आमी पोरांना शिकीवतो, डाव्या हातानं कुणाला काई देऊ नये."

"काळीज डावीकडं असतं म्हणून आण्णा," बाई म्हणाल्या. "तिकडच्या हातानं भेटायचं, असं म्हणतात."

आण्णांनी आपल्या छातीकडं बघितलं, जणू काळीज कुठं आहे ते तपासतायत. मग काठी उजव्या हातात घेतली, पुढं आले आणि नातवापुढं आपला सुरकुतलेला डावा हात धरला. सम्मेदनं दोन्ही हातांनी तो धरला. आजींना ते काही पटलं नाही. त्या म्हणाल्या, "मी उजव्याच हातानं आशीर्वाद देनार," आणि दिला.

वचन झालं, पण पुढं कवायत होती. दीपमालाबाईंचं "सावधान" मागच्या रांगेला ऐकूच जायचं नाही. पुढची रांग ताठ उभी राही आणि मागची रांग चिंचा खात गप्पा मारी. अखेर बाईंनी घरात विषय काढला. हंबीरराव ते ऐकायचीच वाट बघत होते.

"उद्या येतो," ते म्हणाले. "लय रंगरूट घडीवलेत मी. अठरा पोरं म्हंजी काय!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते इस्त्रीची पँट, चकचकीत बूट आणि वळणदार मिश्यांनिशी मैदानात उतरले. पोरं त्यांच्याकडं कौतुकानं बघत होती. हंबीररावांनी श्वास घेतला आणि पूर्वी ज्या आवाजानं हजार-हजार जवान दगडासारखे उभे राहत त्या आवाजात ओरडले, "साsssवधान!"

कडुलिंबावरचे कावळे उडाले. समोरच्या रस्त्यावरून चाललेली एक शेळी थबकली. दुसरीतल्या एका पोरीनं भोकाड पसरलं, दोघं पोरं पळत जाऊन बाईंच्या पदराआड लपली. एकटा शिवतेज जागच्या जागी उभा राहिला.

"आबा," त्यानं काळजीनं विचारलं, "तुमी कुणावर रागावलाय?"

हंबीररावांनी मिशीवरून हात फिरवला. "कुणावर न्हाई रं."

"मग कशाला वरडताय? आमी हितंच हाय."

 सैन्यात त्यांना असा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. ते दगडावर बसले. बाई त्या रडणाऱ्या पोरीला कडेवर घेऊन शेजारी उभ्या राहिल्या.

"मी जाऊ का घरी?" हंबीररावांनी पडेल आवाजात विचारलं.

"नका जाऊ आबा. आवाज नको, पण तुम्हाला कवायत येते ना. मला येत नाही."

मग ते दोघं मिळून कामाला लागले. पोरांना डावं-उजवं कळत नव्हतं, हा मूळ घोटाळा होता. "डावा पाय पुढं" म्हटलं की निम्म्यांचा उजवा निघायचा. हंबीररावांनी विचार केला आणि शेजारच्या फडातून उसाची वाळलेली पानं, पाचट, आणली. एकेकाच्या डाव्या घोट्याला पाचटाची पट्टी बांधली.

"आता डावा-उजवा इसरा," ते पोरांना म्हणाले, पण या वेळी हळू आवाजात आणि पोरांच्या उंचीला वाकून. "पाचटाचा पाय, मोकळा पाय. पाचटाचा, मोकळा. चला माझ्यासंगं."

आणि पाय टाकत ते स्वतःच पुढं निघाले. अठरा पोरं मागोमाग, पाचट खसखस करत. मैदानाला दोन फेऱ्या झाल्या तेव्हा त्यांच्याही डाव्या पायाला पाचट होतं. सम्मेदनं बांधलं होतं, आबा चुकू नयेत म्हणून.

पण गावाला बाईंचं पथक खऱ्या अर्थानं कळलं ते रोजच्या चांगल्या कामामुळं. प्रत्येक कब-बुलबुलनं रोज एक सत्कृत्य करायचं आणि सकाळी गोलात बसून सांगायचं. पहिल्या आठवड्यात गावात जरा हाहाकारच उडाला. चावडीसमोरच्या रंगूबाईला दिवसातून पाच वेळा रस्ता ओलांडून देण्यात आला. त्यातल्या तीन वेळा तिला पलीकडं जायचंच नव्हतं. क्रांतीनं शेजाऱ्यांच्या अंगणात पाणी मारलं, नुकत्याच वाळत घातलेल्या पापडांसकट. तरी लोक हसून सोडत होते.

मग एका सकाळी शिवतेज छाती फुगवून म्हणाला, "बाई, मी काल एका बाळाला त्याच्या आईपाशी पोचवलं."

"अरे वा! कुणाचं बाळ हरवलं होतं?"

"हरवलं नव्हतं. बांधलं होतं. लय रडत हुतं. मी दावं सोडलं."

बाई काय ते समजेपर्यंत शाळेच्या फाटकातून जोतिबा शेटे दुधाची रिकामी किटली हलवत आत आला.

"आवं बाई! तुमच्या ह्या पुण्यवानानं आमचं रेडकू सोडलं! सगळं दूध त्येनंच पिलं, डेरीला घालायला थेंब ऱ्हायला न्हाई. वर म्हस आता आमच्याकडं बघून अशी डोळं मिटती, जनू आमीच आजवर अन्याव केला."

सगळी पोरं शिवतेजकडं बघायला लागली.  बाईंनी त्याला जवळ बोलावलं.

"शिवतेज, रेडकाला आई मिळाली, ते चांगलं. पण म्हशीचं दूध त्या घरातली पोरं पण पितात. मग काय करायला हवं होतं?"

शिवतेजनं नाक पुसलं. "रेडकाला थोडं, पोरांना थोडं."

"मग आता जोतिबाकाकांना काय म्हणायचं?"

शिवतेज पुढं गेला आणि डावा हात पुढं केला. "काका, चुकलं. उद्या मी तुमच्याकडं गवत आणतो."

जोतिबाला आधी तो डावा हात अपमान वाटला. मग पोरांनी एका सुरात कारण सांगितलं, काळीज डावीकडं असतं. त्यानं किटली खाली ठेवली. "आता काळजाचं नाव काढल्यावर काय बोलणार मी," असं पुटपुटत त्यानं तो एवढासा हात धरला. गवत शिवतेजनं आणलं. आणलेलं अर्धं गवत वाटेत शेळीनं खाल्लं, तो भाग निराळा.

हिवाळ्यात सांगलीला जिल्ह्याचा मेळावा भरला. एका मोठ्या शाळेच्या मैदानात एक मुक्काम, दुसऱ्या सकाळी संचलन. टेम्पोत बसल्यापासून पोरं गात होती. गाव मागं पडलं तसा सम्मेद मात्र गप्प होत गेला. तो आजवर आजीशिवाय झोपला नव्हता. शिवाय त्याला एक दुसरी काळजी होती. त्यांच्या घरात दिवस मावळल्यावर जेवत नाहीत, आणि मेळाव्याच्या मुख्य स्वयंपाकघरात जेवण रात्री आठला होतं.

मैदानावर पोचल्यावर तंबू दिले, सतरंज्या पसरल्या, आणि उन्हं कलायला लागली तशी सम्मेदच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. क्रांतीनं सगळ्यांना सांगितलं.

"बाई, सम्मेदला भूक लागलीय आन् उपाशी झोपायला लागनार, आन् आजी पण न्हाई."

बाई स्वयंपाक करणाऱ्यांकडं गेल्या. तिथल्या गलबल्यात त्यांचा आवाज कुणाला ऐकू गेला नाही. दुसऱ्यांदा गेल्या. तिसऱ्यांदा त्यांनी आपला हात आचाऱ्याच्या खांद्यावर ठेवला आणि त्याच्या कानाशी सगळं सांगितलं. तो आचारी कुपवाडचा, जैन शेजाऱ्यांत वाढलेला. त्यानं हातातला झारा ठेवून दिला. "बाई, आधी सांगायचं न्हाई का? भात झालाय, वरण झालंय. बसवा पोराला."

दिवस अजून हातभर वर होता. सम्मेदचं एकट्याचं पान मांडलं. तो पहिला घास घेणार तोच क्रांती येऊन शेजारी बसली. "मी पण आत्ताच जेवणार."

"मी पण," शिवतेज म्हणाला.

बघता बघता कर्णेवाडीचं सगळं पथक रांगेत बसलं. आचारी हसला, पण वाढलं. सांगलीच्या एका शाळेतली पोरंही कशाची पंगत आहे बघायला आली आणि बसली. सम्मेदनं दोनदा वरण-भात घेतला. डोळे कोरडे झाले, आणि तो शेजाऱ्याला सांगत होता की त्याच्या आजीच्या वरणात ह्यापेक्षा जास्त तूप असतं.

आठ वाजता मुख्य जेवणाची घंटा झाली तेव्हा त्याच पंगतीतली सम्मेद सोडून बाकीची सगळी पोरं ताट घेऊन पुन्हा रांगेत उभी होती. सम्मेद त्यांना वाढायला गेला. झोपताना त्यानं बाईंच्या पदराचं टोक मुठीत धरलं, आणि बाई पदर न हलवता बसल्या बसल्या तशाच डुलक्या घेत राहिल्या.

सकाळी संचलन. मोठ्या शाळांची पथकं बँडवर, एकसारख्या मोज्यांत, एकसारख्या उंचीत चालत होती. कर्णेवाडीचं पथक अगदी शेवटी होतं, पोटरीखाली लोंबणाऱ्या फ्रॉकांत. पायाला पाचट नसलं तरी पाय बरोबर पडत होते. दीपमालाबाई पथकाच्या बाजूनं चालत होत्या. व्यासपीठ जवळ आलं, पाहुणे उभे राहिले, आणि नेमकं तेव्हाच शिवतेजचा बूट निघाला. बूटही वाढत्या पायाचाच घेतला होता.

शिवतेज एका बुटावर चालत राहिला. पण मागून येणाऱ्या क्रांतीला बूट दिसला. आजचं सत्कृत्य अजून व्हायचं होतं. ती उचलायला वाकली, मागचा तिच्यावर, त्याच्या मागचा त्याच्यावर, आणि बघता बघता व्यासपीठासमोर निळ्या-हिरव्या पोरांचा ढीग पडला. बँड वाजतच होता. सगळं मैदान बघत होतं.

बाई निवेदकाच्या शेजारी येऊन पोचल्या होत्या. निवेदकानं हातातला माईक खाली केला होता, तो चालूच होता. आणि बाईंच्या तोंडून जे निघालं ते त्यांनी आयुष्यात कधी काढलं नव्हतं. शाळेतली भाषा नव्हती ती, माहेरची होती.

"आरं उठा की! पडलासा तर काय झालं! सलाम ठोका आन् चला फुडं!"

ते वाक्य चारी बाजूंच्या कर्ण्यांतून मैदानभर घुमलं. बँडवाले थबकले. पोरांना मात्र क्षणाचाही विचार करावा लागला नाही. कुणी गुडघ्यावर, कुणी अर्धं उभं, कुणाची टोपी कानावर, सगळ्यांनी तीन बोटं कपाळाला लावली. क्रांतीनं बूट धरलेल्या हातानंच सलाम केला. मग उठून, रांग लावून, पाचटाचा पाय, मोकळा पाय करत पथक पुढं गेलं. पाहुण्यांनी हसत हसत उलट सलाम केला आणि मैदानात टाळ्यांचा कडकडाट झाला.

बाईंनी माईककडं बघितलं, मग निवेदकाकडं, आणि तोंडावर पदर धरून पथकामागं जवळजवळ पळत सुटल्या.

बक्षीस कुठलंच मिळालं नाही. पण कुणीतरी मोबाईलवर ते टिपलं होतं, आणि टेम्पो गावात पोचायच्या आधी ते गावात पोचलं. रात्री राजस्थानातून धैर्यशील यांचा फोन आला.

"आगं, ह्यो आवाज तुझाच हाय का?"

"गप बसा तुमी."

"गप कसा बसू? आमच्या बरॅकीत चार वेळा वाजवला. आमचा सुभेदार म्हणतोय, ह्या बाईंना इकडं पाठवा."

दारातून हंबीरराव म्हणाले, "सांग त्याला, तिला सवड न्हाई. शाळा हाय."

दुसऱ्या दिवशी बाईंचा आवाज होता तिथंच परत आला, दुसऱ्या बाकापर्यंत. फळ्यावरचं वाचून दाखवताना मागच्या मुलांनी "ऐकू येत न्हाई बाई" म्हटलं, तेव्हा त्या नेहमीसारख्या उठून मागं गेल्या. फक्त गावानं त्यांचं नाव बदललं होतं. रंगूबाईनं पहिल्यांदा हाक मारली, "ओ बुलबुलबाई!" आणि तेच चिकटलं.

यंदा पथकात दोन षटकं वाढली आहेत. क्रांती चौथीत आहे, षटकाची नायिका आहे. फ्रॉक अजूनही तिला मोठाच होतो. यंदाचं शिबिर शिरवळच्या बाजूला आहे, चांगलं दोन मुक्कामांचं. परवा रामगोंडा आण्णा शाळेत आले. बरोबर सम्मेद नव्हता, तो आता गावाबाहेरच्या मोठ्या शाळेत पाचवीला आहे आणि स्काऊटमध्ये गेला आहे. आण्णा एकटेच होते.

"बाई, ह्या वक्ती आमच्या वस्तीतली पाच पोरं हायत म्हणं तुमच्यात."

"हो आण्णा."

"मग दिवस मावळायच्या आत त्यांचं जेवण कोण बघणार?"

"मी बघेन की."

"तुमी साऱ्यांचं बघणार, का पाचांचं?" आण्णा बाकावर बसले. "मी येतो. सैपाक येतोय मला. पद्मावतीला इचारा पाहिजे तर. वरण-भात, भाकरी, वाटाणा. पोरांना वाढीन, भांडी घासीन. तंबूत झोपीन."

"थंडी असते तिकडं, आण्णा."

"घोंगडं हाय."

 बाईंनी होकार दिला, आणि आण्णांना तो ऐकू गेला की नाही कुणास ठाऊक, कारण ते जरा अवघडून, टोपी हातात फिरवत पुढचंच विचारत होते.

"आन् बाई, मला पण ते गळ्यातलं... स्कार्फ... मिळंल का? का त्याला बी आधी दीक्षा घ्यावी लागती?"